खोक्यावरच्या रेघा

“मशीन चालू आहे की बंद पडलंय?” टेबलामागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, आणि मी उत्तर देण्याआधीच तो तीनदा शिंकला.

मी म्हटलं, चालू आहे. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत रोज चालत होतं.

ऑक्टोबरमधला रविवार होता. कामोठ्यात आमच्या सेक्टरच्या टोकाला, एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात रुग्णसाहित्य केंद्र आहे. वॉकर, व्हीलचेअर, कमोडच्या खुर्च्या, श्वासाची मशीनं… घरातलं माणूस बरं झालं की लोक वस्तू इथं आणून देतात. बरं झालं नाही तरीही आणून देतात. मी त्या दुसऱ्या लोकांतली. आबांचं नेब्युलायझर त्याच्याच खोक्यात घालून, सुतळीनं बांधून, रिक्षात मांडीवर घेऊन आले होते. बाहेर सातवीण फुलली होती. त्या फुलांचा जड, गोडसर वास गाळ्यात भरून राहिला होता.

“सॉरी,” तो रुमालाआडून म्हणाला. “त्या झाडाचं आणि माझं जमत नाही.”

त्यानं सुतळी सोडली, मशीन बाहेर काढलं, नळी वाकवून पाहिली, मास्क उजेडात धरला. मास्कवर मी चिठ्ठी चिकटवली होती – ‘उकळू नये. कोमट पाणी, साबण, सावलीत वाळवणे.’ ती त्यानं दोनदा वाचली.

“हे अक्षर कुणाचं?”

माझं, मी म्हटलं.

“शिक्षिका?”

“ग्रंथपाल.”

“तरीच. डॉक्टरांनी असं लिहिलं असतं तर माझं निम्मं काम कमी झालं असतं.” त्यानं मार्कर घेऊन खोक्याच्या झाकणाला आतून ४१ असा आकडा टाकला आणि कार्ड पुढे ओढलं. “नाव?”

मी सवयीनं आबांचं नाव सांगितलं. कोंडिबा.

पेन थांबलं. त्यानं पहिल्यांदा नीट वर पाहिलं. तोंडावर मास्क होता, वर फक्त डोळे – शिंकून लाल झालेले. “मसाला मार्केटचे कोंडिबा? मे महिन्यात आमच्या वॉर्डात होते, खिडकीजवळच्या बेडवर?” मग काहीतरी सुचल्यासारखा त्यानं मास्क हनुवटीखाली ओढला. “मी अभिराम. तिथला ब्रदर. आबा कसे आहेत आता?”

विचारलं, आणि मग त्याची नजर खोक्याकडे गेली. उत्तर तिथंच होतं.

तो गणपतीला गुहागरला गेला होता, त्याच आठवड्यात आबा गेले, हे मला नंतर कळलं. त्या वेळी त्यानं फक्त पेन खाली ठेवलं. फार वाईट झालं, सुटले बिचारे, वय झालंच होतं – यातलं काहीच तो बोलला नाही. म्हणाला, “मला म्हणाले होते, पोरा, तुझा आवाज बारीक हाय, पर कानात बसतो.”

मला तो आवाज आठवला. मेमध्ये वॉर्डाच्या दारात उभी असताना पडद्यामागून ऐकलेला. ओठ घट्ट… सावकाश ओढा… घाई नाही. चेहरा आज पाहिला.

पुढच्या रविवारी कार्डं लिहायला येता का, असं त्यानं विचारलं. अक्षरासाठी, असंही वर सांगितलं. आणि पुन्हा शिंकला, त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

*

केंद्रातून मशीन फुकट मिळतं, पण अभिराम ते शिकवल्याशिवाय हातात देत नसे. दम्याचा निळा पंप धाप लागल्यावर. नारिंगी रोज, बरं वाटत असलं तरी, आणि नारिंगीनंतर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. निळ्यानंतर हात थरथरले, छाती धडधडली तर घाबरायचं नाही, थोडं बसायचं; थांबलंच नाही तर डॉक्टरांना सांगायचं. हे तो दर रविवारी आठ-दहा वेळा सांगायचा आणि प्रत्येक वेळी नव्यानं सांगितल्यासारखं.

एक आजोबा आले होते. ओढायच्या औषधाच्या कॅप्सूल ते महिनाभर पाण्याबरोबर गिळत होते आणि गुण येत नाही म्हणून डॉक्टरांना नावं ठेवत होते. अभिराम हसला नाही. त्यानं कॅप्सूल यंत्रात घालून, फिरवून, ओढून दाखवली आणि मग म्हणाला, “आजोबा, दमा छातीला आहे. पोट उगाच बरं होत होतं.” आजोबाच हसत सुटले.

एकदा तीन बायका एकदम आल्या. सरावाचा पंप होता – आत औषध नसलेला – पण पुढे बसायला एकही तयार होईना. अभिरामनं माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, पेशंट होता का?”

मी स्टुलावर बसले. तो समोर, हातभर अंतरावर.

“श्वास सगळा बाहेर सोडा. ओठ घट्ट. मी दाबला की सावकाश ओढा… आता धरून ठेवा. दहापर्यंत.”

मी श्वास धरला. तो मोजू लागला. दुसरीकडे बघायला जागा नव्हती, म्हणून मी त्याच्या डोळ्यांकडे पाहत होते. चार… पाच… सहा… सात…

सातवर तो थांबला. जरा वेळानं पुन्हा म्हणाला, “सात.”

“ब्रदर, आठ,” त्या बायकांमधली एक म्हणाली, आणि दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

माझा श्वास सुटला आणि मी हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आणि हसले तसा हात आपोआप पर्सकडे गेला.

पर्सच्या आतल्या कप्प्यात आबांचा निळा पंप होता.

एकवीस ऑगस्टच्या सकाळी आबांना धाप लागली. मी त्यांना निळ्या पंपाचे दोन फवारे दिले. धाप थांबली नाही, म्हणून खाली धावत जाऊन रिक्षा आणली. सहाव्या दिवशी ते गेले. दिवसकार्य झाल्यावर घर आवरताना पंप हातात आला. शेजारच्या स्मिताकाकूंनी सांगितलं होतं, पंप भरलेला आहे की रिकामा ते पाण्यात टाकून बघायचं. भरलेला बुडतो, रिकामा तरंगतो. मी आतली डबी काढून बादलीत टाकली. ती आडवी तरंगत राहिली. मग बाहेर काढून दाबली, तर पाण्याच्या दोन थेंबांशिवाय काही आलं नाही.

म्हणजे त्या सकाळी मी माझ्या बापाला रिकामा पंप दिला होता. ते ओढत राहिले, आणि आत काहीच गेलं नाही. वेळेवर नवा आणणं माझं काम होतं. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. पंप फेकला नव्हता. रोज कामावर घेऊन जात होते.

*

खारघरला ज्या कॉलेजात मी नोकरी करते तिथल्या ग्रंथालयात अभिराम पहिल्यांदा आला तो त्याच्या सुट्टीच्या दिवशी. केंद्राची यादी करायला शांत जागा हवी म्हणाला. जुन्या पुस्तकांच्या कपाटाजवळ बसला आणि अकरा वेळा शिंकला. मुलं मोजत होती. दुसऱ्यांदा मास्क लावून आला. एक कादंबरी मागितली, आणि परत करताना ती खरंच वाचलेली होती. मधल्या एका प्रकरणावरून त्यानं माझ्याशी वाद घातला, तोही कुजबुजत, दारावरच्या पाटीकडे पाहत. मला तो वाद हरायचा नव्हता आणि संपवायचाही नव्हता.

आईला मी सांगायची, ब्रदर आले होते, ब्रदरनी असं म्हटलं. चार-पाच दिवस तिनं ऐकून घेतलं. मग भाजी निवडता निवडता म्हणाली, “त्याला ब्रदर म्हनायचं बंद कर आधी.”

तिसऱ्या खेपेला तो विजयी चेहऱ्यानं आला. “आज गोळी घेऊन आलोय,” म्हणाला. “आज एकही शिंक नाही.”

एकही शिंक आली नाही. पंधरा मिनिटांनी वर पाहिलं तर तो वहीवर डोकं ठेवून गाढ झोपला होता. मी त्याला उठवलं नाही. ‘शांतता राखा’ची पाटी उचलून त्याच्या डोक्याजवळ नेऊन ठेवली आणि मुलांकडे एकदा पाहिलं. पावणेपाचला तो जागा झाला, तेव्हा गालावर वहीच्या तारेची नक्षी उमटली होती.

“नेहमीची गोळी संपली होती,” तो ओशाळून म्हणाला. “घरात जुन्यातली होती, ती घेतली. तिच्यानं झोप येते.”

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

“मी दिवसातून वीस जणांना सांगतो. ही गोळी घेतली की गाडी चालवायची नाही.” त्यानं खिडकीतून खाली लावलेल्या आपल्या स्कूटरकडे पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली. “म्हणजे आता मलाही नाही चालवता येणार.”

आम्ही बस स्टॉपपर्यंत चालत गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सातवीण होती. फुलं झडून फुटपाथवर पांढुरका चुरा पडला होता. तो अर्धवट झोपेत, मी त्याच्या चालीनं. डोंगरामागे ऊन उतरत होतं. एक बस आली, ती आम्ही सोडली. दुसरी गच्च भरलेली आहे असं मी म्हटलं. ती तशी नव्हती.

मग स्टॉपच्या बाकावर बसून मी पर्स उघडली आणि पंप आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.

का सांगितलं, ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित तो जांभया देत होता म्हणून. शहाण्या, ताज्यातवान्या माणसाला मी ते सांगू शकले नसते. एकवीस ऑगस्टची सकाळ, रिक्षा, बादली, तरंगणारी डबी – सगळं सांगितलं. त्याची झोप उडालेली मला दिसली.

त्यानं आधी विचारलं, डॉक्टरांनी काय निदान केलं होतं. मी म्हटलं, न्यूमोनिया, दोन्ही बाजूंना. तो म्हणाला, निळा पंप फक्त नळ्या उघडतो. फुप्फुसातला संसर्ग त्यानं जात नाही. पंप भरलेला असता तरी आबांना दवाखान्यात न्यावंच लागलं असतं.

“हे सगळे सगळ्यांना सांगतात,” मी म्हटलं. “मला एवढंच हवंय, त्यात औषध होतं की नव्हतं.”

त्यानं पंप उचलला, डबी काढली, निरखली. पाण्यात टाकायची परीक्षा कधीच करायची नसते, म्हणाला. कोणती डबी कशी तरंगेल यावरून काही कळत नाही, आणि आत पाणी गेलं की तोंड तुंबतं. मग भरलेल्या डबीतूनही फवारा येत नाही.

“म्हणजे भरलेला होता?”

त्यानं डबी पुन्हा पंपात बसवली. त्याला हो म्हणणं किती सोपं होतं ते मला दिसत होतं. रोज वीस जणांना धीर देणारा माणूस होता तो.

“ते मला माहीत नाही,” तो म्हणाला. “आता या डबीवरून कुणालाच सांगता येणार नाही.”

तिथं मला रडू यायला हवं होतं. उलट, या माणसाशेजारी बसून राहावं असं वाटलं. जे त्याला माहीत नव्हतं, ते त्यानं मला सांगितलं नव्हतं.

तो एकदम म्हणाला, “पण आबा मोजत होते ना?”

मेमध्ये त्यानंच त्यांना सांगितलं होतं. या पंपात दोनशे फवारे असतात, आणि संपला तरी पंप बोलत नाही, म्हणून मोजायचे. आबा त्याच्यावर उखडले होते. तीस वर्षं मार्केटात टोळीचा मुकादम होतो, मिरचीची पोती मोजली, मला मोजायला शिकवतोस? गाळ्याच्या शटरवर खडूनं चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. पोतं हमालाच्या पाठीवर टेकलं की रेघ. “दाबला म्हणून रेघ मारायची न्हाई,” ते अभिरामला म्हणाले होते. “छातीत लागला तर रेघ. पाठीवर वजन आल्याबिगर मी कधी रेघ मारली न्हाई.”

मला भिंत आठवली. जूनमध्ये आबांनी पलंगाशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या आणि आई कडाडली होती, कारण भिंत नुकती रंगवली होती. त्यांनी त्या निमूट पुसल्या. मग मोजणंच सोडलं असावं.

“सोडलं नसणार,” अभिराम म्हणाला. तो कुठंतरी दूर पाहत होता, काहीतरी आठवत असल्यासारखा. “पलंगाशेजारी काय असायचं त्यांच्या?”

काही नाही, मी म्हटलं. नेब्युलायझरचं खोकं. त्यावर चष्मा आणि चहाचा ग्लास.

तो उठून उभा राहिला. झोपेनं जरासा झोकांडला, आणि मी दंड धरला. “मला रविवारपर्यंत वेळ द्या,” म्हणाला. “आणि त्या रेघा मिळाल्या, तर त्या काय सांगतील ते मला आज माहीत नाही. चालेल?”

मी हो म्हटलं. बस आली. दंड मी दोन सेकंद उशिरा सोडला.

*

चार दिवस मला धड झोप लागली नाही. रिकामा होता असं ठरून गेलं होतं, तेव्हा निदान ठरलेलं तरी होतं. आता ते पुन्हा उघडलं होतं. दोनशेच्या पुढे रेघा निघाल्या तर? मग स्मिताकाकूंची बादलीही मध्ये उरणार नव्हती. आबांनी स्वतः मोजून दिलेला हिशेब असणार होता. शुक्रवारी मी फोन हातात घेतला, राहू दे म्हणून सांगायला. सांगितलं नाही.

रविवारी अकरा वाजता तो दारात उभा होता. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीला सुकटीचा सणसणीत वास.

आईनं दार उघडलं, वास घेतला आणि त्याला आपादमस्तक पाहून घेतलं. “मासळी आनलीस व्हय?”

“नाही आई, झाकण आणलंय,” तो म्हणाला आणि शिंकला.

आमचं एक्केचाळीस नंबरचं मशीन उलव्याला भागीरथीबाईंकडे गेलं होतं. त्यांनी ते देवासारखं फळीवर ठेवलं होतं, आणि रिकाम्या खोक्यात सुकट भरली होती. ब्रदर खोक्यासाठी उलव्यापर्यंत आला हे त्यांना पटेना. खोका कशाला पायजेल तुला, मशीन तं बरी हाय, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. शेवटी त्यानं त्यांना झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणून दिला, सुकट त्यात ओतली, आणि खोक्याच्या झाकणाचा पुठ्ठा तेवढा कापून घेतला. नंबर टाकताना तिथं पेन्सिलीच्या रेघा पाहिल्याचं त्याला बस स्टॉपवर आठवलं होतं. त्या दिवशी त्याला वाटलं होतं, कारखान्यातल्या खुणा असतील.

त्यानं पुठ्ठा टेबलावर उलटा ठेवला. पाठ वर, रेघा खाली.

“मी मोजल्या नाहीत,” तो म्हणाला. “मोजल्या असत्या, तर इथं येईपर्यंत तुम्हाला माझ्या तोंडावरून कळलं असतं. आधी तुम्ही बघा, प्रियदर्शिनी.”

आजवर मी मॅडम होते.

आईला काही माहीत नव्हतं. ती चहाचं आधण ठेवून बाहेर आली, माझं तोंड पाहून खुर्चीवर बसली. मी तिला सगळं सांगितलं. तीन वाक्यांत झालं. अडीच महिने जे उचलत नव्हतं, ते तीन वाक्यांत मावलं. तिनंच पुठ्ठा सुलटा केला.

मार्करचा काळा ४१. त्याच्याभोवती, त्याच्याखाली, अगदी कडेपर्यंत बारीक फिकट रेघा. चार उभ्या, एक आडवी. आबांच्या जुड्या. वर एक अख्खा चौकोन, मोजल्या तर चाळीस जुड्या, खाली जाड रेघ आणि ‘संपला’. त्याच्याखाली दुसरा, पुन्हा चाळीस, पुन्हा ‘संपला’. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं ते ठसठशीत अक्षर. मग तिसरा. ‘नवा. २ ऑगस्ट.’

मी बोट ठेवून मोजू लागले. मध्येच आकडा चुकला, म्हणून आईनं पलीकडून मोजायला घेतलं. अभिराम खिडकीकडे तोंड करून उभा होता. आतून आधणाचा आवाज येत होता, कुणी उठलं नाही.

सत्तावीस जुड्या. आणि सुट्या तीन रेघा.

आई म्हणाली, “सत्तावीस आन तीन.”

“एकशे अडतीस,” मी म्हटलं. मग वजाबाकी करायला मला फार वेळ लागला. “बासष्ट उरले होते.”

अभिराम वळला. खिडकीच्या गजाला धरलेला हात त्यानं सोडला.

मी पुन्हा त्या सुट्या रेघांकडे पाहिलं. पहिली सरळ होती. पुढच्या दोन वाकड्या होत्या, दाबून मारलेल्या, इतक्या की पुठ्ठ्याला चर पडला होता. त्या सकाळचे दोन. पण त्या सकाळी आबांना धड बसता येत नव्हतं. रेघा कधी मारल्या त्यांनी?

“तू खाली रिक्षा बघाया गेलीस तवा,” आई हळूच म्हणाली. “पेन्सिल मागितली मला. म्या म्हटलं, आता कशाला? तर दे म्हनले. मला वाटलं, कुनाचा फोन नंबर लिवायचा आसंल. म्या पिशवी भरत हुते.” तिनं त्या दोन रेघांवरून अंगठा फिरवला. “रिकामं पोतं त्यांनी कधी मोजलं न्हाई, पोरी.”

छातीत लागला तर रेघ.

लागला होता. मी दिलेले ते दोन फवारे त्यांच्या छातीत गेले होते आणि त्यांनी ते नोंदवून ठेवले होते – टोळीच्या मुकादमानं, शिस्तीत, रिक्षा यायच्या आत. त्यानंतरचं सगळं तसंच राहिलं. न्यूमोनिया राहिला, ते सहा दिवस राहिले, दवाखान्यातला तो बेड राहिला. आबा नसणंही राहिलं. पण ते आता नुसतं आबा नसणं होतं. त्यात मी नव्हते.

मी श्वास सोडला. इतका लांब, की आपण तो धरून ठेवला होता हे तेव्हाच कळलं.

आई पदर डोळ्यांना लावून आत गेली. आधण आटून गेलं होतं, ती नव्यानं ठेवत होती. मी पर्सच्या आतल्या कप्प्यातून पंप काढला. अभिराम म्हणाला, त्याची विल्हेवाट लावायची पद्धत असते, जाळायचा किंवा फोडायचा नाही. पण घाई नाही, हवा तेवढा वेळ घरात ठेवा. फक्त रोज बरोबर नेऊ नका. मी तो आबांच्या चष्म्याशेजारी फळीवर ठेवला.

आणि अभिराम शिंकला. सुकट, पुठ्ठ्याची धूळ, काय असेल ते. एक, दोन, चार…

मी पर्सच्या त्याच कप्प्यात पुन्हा हात घातला आणि गोळ्यांची पट्टी त्याच्यापुढे धरली.

त्यानं रुमालाआडून नाव वाचलं. “ही तर झोप न आणणारी.”

“तुम्हाला स्कूटर चालवायची असते.”

“पर्समध्ये कधीपासून आहे?”

“त्या दिवसापासून,” मी म्हटलं. “दोघं एकाच कप्प्यात होते. जरा दाटी झाली होती.”

तो पट्टीकडे पाहत राहिला. मग तिच्यातली एक गोळी काढून, न घेताच, मुठीत धरून म्हणाला, “मला एक विचारायचंय. यादी करायला मला कुठंही जागा मिळाली असती. आणि वर्षातले दोन महिने मी तुमच्या कॉलेजच्या सातविणीच्या रस्त्यानं जात नाही, लांबून वळसा घालतो. या वर्षी…” तो अडखळला. “या वर्षी मी शिंकत, गोळ्या घेत त्याच रस्त्यानं येतोय. पुढच्या वर्षीही येऊ का? म्हणजे… दर वर्षी?”

आत कपबशांचा आवाज एकदम थांबला. आईचा कान दाराला लागला असणार.

“दहापर्यंत मोज,” मी म्हटलं. “मग सांगते.”

माझ्या तोंडून निघालेला तो एकेरी शब्द दोघांनीही ऐकला.

मी श्वास भरून घेतला आणि धरून ठेवला. तो समोर येऊन उभा राहिला, हातभर अंतरावर, आणि मोजू लागला, त्याच बारीक, कानात बसणाऱ्या आवाजात. चार… पाच… सहा…

सातवर तो थांबला.

या वेळी मी त्याला पुन्हा सात म्हणू दिलं नाही.

“हो,” मी म्हटलं.